पडून राहिलेला पैसा: शॅम्पेनची एक पेढी दोनशे वर्षं घरात कशी राहिली?

युरोपशी मुक्त व्यापार कराराची बातमी आली की वाइनवरच्या 150 टक्के आयातशुल्काचा उल्लेख हमखास येतो. मग व्हॉट्सॲपवर दोन प्रश्न फिरू लागतात. शॅम्पेन आता स्वस्त होणार का? आणि द्राक्षं आमच्या नाशिकलाही पिकतात, मग तिकडच्या बाटलीत असं काय सोनं भरलेलं असतं?

दुसऱ्या प्रश्नात जास्त गंमत आहे. त्याचं उत्तर द्यायला एकच पेढी घेऊ: बोलिंजर. 1829 साली सुरू झाली आणि आजही संस्थापकाच्या कुटुंबाच्याच मालकीची आहे. अशा पेढ्यांबद्दल लिहिताना 'परंपरा', 'वारसा' हे शब्द इतके उधळले जातात की त्याखाली नेमकं काय आहे ते दिसेनासं होतं. माझ्या मते त्याखाली मुख्यतः एक हिशेबाची गोष्ट आहे. वर्षानुवर्षं पैसा अडकवून ठेवायची ऐपत, आणि त्यावरून घरात भांडण होऊ न देण्याची व्यवस्था.

आधी बाटलीत काय होतं ते पाहू

शॅम्पेन हा फ्रान्सच्या ईशान्येचा एक प्रांत. पॅरिसपासून दीडेकशे किलोमीटरवर, रँस आणि एपर्ने या शहरांभोवती साधारण 34,000 हेक्टर द्राक्षबागा आहेत. इथल्या वाइनमध्ये मुख्यतः तीन जाती येतात: पिनो न्वार, म्यूनिए आणि शार्दोने. पहिल्या दोन काळ्या, तिसरी हिरवी. काळी द्राक्षंही हलक्या हाताने दाबली की रस पांढराच निघतो, कारण रंग सालीत असतो.

या रसाची आधी साधी वाइन होते. ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि बाटली बंद करतात. यीस्ट ती साखर खातं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे वाइनमध्येच मुरतो. बाटलीतला दाब पाच-सहा वातावरणांपर्यंत जातो. फुगे येतात ते इथून, वरून गॅस भरून नव्हे.

काम झाल्यावर यीस्ट मरतं आणि त्याचा गाळ बाटलीत राहतो. हा गाळ लगेच काढायचा नाही, हीच सगळी मेख आहे. गाळावर वाइन जितकी पडून राहील तितकी तिला भाजलेल्या पावासारखी, बदामासारखी चव चढते. कायद्याने साध्या शॅम्पेनला किमान 15 महिने तळघरात ठेवावंच लागतं, आणि एकाच वर्षाच्या द्राक्षांपासून केलेल्या, म्हणजे व्हिंटेज शॅम्पेनला तीन वर्षं. मग बाटली हळूहळू उलटी करत गाळ मानेशी आणायचा, तो उडवून काढायचा, चवीपुरती साखर घालायची आणि शेवटचं बूच बसवायचं.

म्हणजे आज विकलेल्या बाटलीची द्राक्षं काही वर्षांपूर्वी विकत घेतलेली असतात. तीही स्वस्त नाहीत. शॅम्पेनमध्ये द्राक्षाचा भाव किलोला सहा-सात युरोंच्या आसपास असतो, आपल्या सहा-सातशे रुपयांच्या घरात. एका बाटलीला जवळपास 1.2 किलो द्राक्षं लागतात. आमच्या दिंडोरीचा बागायतदार हा भाव ऐकून आधी हसेल, मग पत्ता विचारेल.

नाव एकाचं, जमीन दुसऱ्याची

मार्न नदीकाठी आयी नावाचं छोटं गाव आहे. पिनो न्वारसाठी त्याचं नाव फार जुनं. 1829 साली तिथे तिघांनी मिळून पेढी काढली. आथानास द व्हिलरमाँ हे सरदार घराण्यातले, जमीन त्यांची. पण खानदानी माणसाने दुकानाच्या पाटीवर नाव लावणं त्या काळी कमीपणाचं समजत. म्हणून पाटीवर बाकीच्या दोघांची नावं आली: पॉल रनोदँ आणि जोसेफ बोलिंजर. रनोदँ लवकरच बाजूला झाले, तरी त्यांचं नाव लेबलवर 1984 पर्यंत टिकून होतं.

बोलिंजर हा तर फ्रेंचही नव्हता, जर्मनीतल्या व्युर्टेमबर्गहून आलेला तरुण विक्रेता. त्याने 1837 मध्ये व्हिलरमाँच्या मुलीशी, लुईझशी लग्न केलं, फ्रेंच नागरिकत्व घेतलं आणि 'जॉक' झाला. आज ज्या नावाला अस्सल फ्रेंच म्हणतात ते एका जर्मन जावयाचं आहे. 1884 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या दरबाराने पेढीला अधिकृत पुरवठादार केलं, आणि इंग्लंड हे कायमचं गिऱ्हाईक झालं.

मग वाटण्या का झाल्या नाहीत?

हा प्रश्न मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आजोबांच्या सातबाऱ्यावर एक नाव, वडिलांच्या वेळी चार, आपल्या वेळी सतरा, आणि बांधावरून दोन केसेस कोर्टात! फ्रान्समध्येही कायदा याच दिशेला ढकलतो. नेपोलियनच्या 1804 च्या संहितेपासून मुलांचा वारसाहक्क डावलता येत नाही. आजच्या नियमाने एक मूल असेल तर निम्मी मालमत्ता, दोन असतील तर दोन तृतीयांश आणि तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. थोरल्याच्या नावावर सगळं करून मोकळं होता येत नाही.

वर वारसा कर. मुलांना मिळणाऱ्या मोठ्या मालमत्तेवर त्याचा सर्वात वरचा दर 45 टक्के आहे. आता गणित करा. शॅम्पेनमध्ये द्राक्षबागेची एक हेक्टर जमीन सरासरी दहा लाख युरोंच्या वर जाते. बोलिंजरकडे साधारण 180 हेक्टर आहेत. नुसती जमीनच अठरा कोटी युरोंची, म्हणजे आपल्या हिशेबाने 1800 कोटी रुपयांच्या आसपास. जमिनीचा भाव कागदावर डोळे दिपवणारा, पण हातात येतो तो फक्त दरवर्षीचा नफा. त्यातून असा कर भरायचा म्हटलं तर एखाद्या पिढीला बाग विकावीच लागणार. शॅम्पेनमधली कितीतरी जुनी नावं मोठ्या समूहांच्या ताब्यात गेली, त्यामागच्या कारणांत हे एक आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, जमीन वाटायचीच नाही. ती कंपनीच्या नावावर ठेवायची आणि वारसांना कंपनीचे समभाग द्यायचे. बोलिंजर कुटुंबाने हेच केलं. सगळी मालमत्ता 'सोसिएते जॉक बोलिंजर' या कौटुंबिक कंपनीकडे आहे. समभागांचे कितीही तुकडे झाले तरी बागेचा बांध हलत नाही. दुसरा उपाय सरकारने दिला, 'ड्यूट्रेल करार' या नावाने. वारसांनी ठराविक वर्षं समभाग विकणार नाही असं लेखी दिलं आणि त्यांच्यापैकी कुणी कारभार सांभाळला, तर कर लावताना समभागांच्या किमतीतले 75 टक्के वगळले जातात. श्रीमंतांना ही सवलत कशाला, असं म्हणणारे फ्रान्समध्ये पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. पण ती नसती तर या बागा आज कुणाच्या असत्या, हेही पाहायला हवं.

सायकलवरची मालकीण

1941 मध्ये, जर्मन फौजा शॅम्पेनमध्ये असताना, पेढी चालवणारे, संस्थापकाचे नातू आणि त्याच नावाचे जॉक बोलिंजर वारले. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ, सगळ्यांच्या लिली, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या. माणसं युद्धात, पेट्रोल नाही, बाटल्यांवर जर्मनांचा डोळा. त्यांनी कारभार हातात घेतला आणि 1971 पर्यंत, तीस वर्षं, सोडला नाही.

त्यांचं एक वाक्य जगभर उद्धृत होतं: आनंदात असताना, दुःखात असताना, एकटी असताना, पाहुणे आल्यावर, शॅम्पेन कधी कधी पिते याची ती लांबलचक यादी. वाक्य झकास आहे, पण त्याने बाई उगाच खुशालचेंडू वाटते. मला त्यांची सायकल जास्त महत्त्वाची वाटते. पेट्रोल मिळेना म्हणून त्या सायकलवरून बागा पाहू लागल्या आणि पुढे पेट्रोल मिळू लागल्यावरही ते चालूच राहिलं. या काळात त्यांनी नव्या बागा विकत घेतल्या आणि विक्री वर्षाला दहा लाख बाटल्यांच्या घरात नेली.

1967 मध्ये त्यांनी एक उलटाच प्रयोग केला. जुनी वाइन बहुतेक जण गाळ काढून, बूच लावून जपत. लिलीबाईंनी 1952 ची वाइन पंधरा वर्षं गाळावरच ठेवली आणि विकायच्या तोंडावर गाळ काढला. वाइन वयाने जुनी, पण चवीला ताजी. तिचं नाव ठेवलं 'आर. डी.', म्हणजे नुकताच गाळ काढलेली. पंधरा वर्षं माल दाबून ठेवण्याचा हा प्रस्ताव भागधारकांच्या सभेत मांडून पाहा.

पुढचा कारभार भाच्या-पुतण्यांकडे गेला. मूल नसणं हा अशा पेढीचा शेवट ठरू शकतो. इथे तो ठरला नाही, कारण मालकी आधीच घरभर होती.

तळघरात नेमकं काय आहे?

साधी शॅम्पेन एकाच वर्षाची नसते. हवामान लहरी, एखादं वर्ष पावसात जातं. म्हणून दरवर्षीच्या नव्या वाइनमध्ये मागची राखीव वाइन मिसळतात, म्हणजे चव सारखी राहते. बहुतेक पेढ्या ही राखीव वाइन मोठ्या स्टीलच्या टाक्यांत ठेवतात. सोपं आणि स्वस्त.

बोलिंजर ती मॅग्नम बाटल्यांत ठेवतं. मॅग्नम म्हणजे दीड लिटरची बाटली. प्रत्येक गावाची, प्रत्येक जातीची, प्रत्येक वर्षाची वाइन वेगळी. त्यात किंचित साखर-यीस्ट घालतात, म्हणजे हलका फेस धरतो आणि वाइन ताजी राहते. वर धातूच्या झाकणाऐवजी खरं बूच, लोखंडी पट्टीने आवळलेलं. अशा लाखो मॅग्नम तिथे पाच ते पंधरा वर्षं पडून असतात. वापरायची वेळ आली की प्रत्येक बाटली माणूस हाताने उघडतो आणि वास घेतो. बुचाचा कुबट वास लागला असेल तर ती बाजूला. टाकीची तोटी सोडून जे काम तासात झालं असतं त्याला दिवस लागतात.

तीच गोष्ट पिंपांची. ओक लाकडाची हजारो पिंपं, आणि तीही मुद्दाम जुनी, फ्रान्सच्याच बर्गंडी या वाइनच्या प्रांतात काही वर्षं वापरून झालेली. नवं लाकूड वाइनला आपला वास लावतं. यांना तो नको असतो, लाकडातून झिरपणारी थोडीशी हवा तेवढी हवी असते. जुनी पिंपं गळतात, म्हणून दुरुस्तीला घरचा कारागीर लागतो. स्वतःचा पिंपकारागीर सांभाळणारी शॅम्पेनमधली ही शेवटची पेढी समजली जाते.

2010 मध्ये तळघरात काम करणाऱ्या एका इंटर्नला रिकाम्या बाटल्यांच्या थप्पीमागे विस्मृतीत गेलेला साठा सापडला. त्यातल्या सर्वात जुन्या बाटल्या 1830 च्या होत्या, पेढीच्या अगदी पहिल्या हंगामातल्या. आपल्याकडे कुणी असा साठा विसरू शकतो का, मला शंका आहे.

दोन तुकडे, ज्यांना कलम माहीत नाही

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपच्या बागा मुळापासून खाल्ल्या. शॅम्पेनमध्ये ती शतकाच्या शेवटी पोहोचली. उपाय एकच निघाला: अमेरिकन वेलीचा खुंट, वर युरोपीय वाण. आपल्याकडचे बागायतदार डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात. कारण वेगळं, क्षार आणि पाण्याचा ताण, पण तंत्र तेच.

बोलिंजरच्या आयीतल्या दोन चिमुकल्या कुंपणबंद बागा मात्र स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. तिथे ओळी नाहीत, तारा नाहीत, वेली दाटीवाटीने वाढतात. नवं झाड करायचं असेल तर दाब कलम: जुनी फांदी वाकवून मातीत पुरायची आणि तिला मुळं फुटू द्यायची. ट्रॅक्टर आत जाऊच शकत नाही, सगळं काम हाताने. 1969 पासून या वेलींची वेगळी वाइन निघते, तीही चांगल्याच वर्षी आणि अगदी थोडी. पूर्वी असे तीन तुकडे होते. तिसरा, बूझी गावातला, या शतकाच्या सुरुवातीला किडीने नेला. उरलेले दोन का वाचले याचं पटणारं एकच उत्तर कुणाकडे नाही, आणि उद्या तेही जाऊ शकतात. फायद्याच्या गणितात हे तुकडे कधीच उपटून टाकायला हवे होते.

"हे सगळं मार्केटिंगच ना?"

बरंचसं, हो. सायकलचा फोटो, राणीचं राजचिन्ह, सापडलेल्या बाटल्या, यांवर जाहिरात खाते जगतात. पण मॅग्नम आणि पिंपं ही नुसती गोष्ट नाही. त्यावर दरवर्षी पैसा खर्च होतो आणि तो चवीत उतरतो. बोलिंजरची शॅम्पेन जड, भरदार असते. सगळ्यांनाच आवडेल असं नाही. हलकी, लिंबासारखी लखलखीत वाइन आवडणाऱ्याला ती थोराड वाटते. महाग म्हणून चांगली, असं मानायचं कारण नाही.

आणि घराणं म्हणजे गुणवत्तेची हमी, हेही खरं नाही. स्पेनमधल्या कोदोर्नीऊ या पेढीची मुळं 1551 पर्यंत जातात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुळात राहिलेल्या या पेढीची बहुसंख्य मालकी 2018 मध्ये कार्लाइल या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने घेतली. वारस वाढले, लाभांश घटला, मतं फुटली की साडेचारशे वर्षंही पुरत नाहीत.

"प्रमुख बाहेरचा, मग घराणं कसलं?"

2008 मध्ये जेरोम फिलिपाँ हे कुटुंबाबाहेरचे पहिले प्रमुख झाले. तिथे काही नाकं मुरडली गेली असतील. पण मालकी आणि कारभार या दोन गोष्टी वेगळ्या. नोकरीवर ठेवलेला प्रमुख बदलता येतो. नालायक पुतण्या बदलणं किती कठीण, हे कुठल्याही घरच्या व्यवसायात बसलेल्याला विचारा. मालक एवढंच ठरवतो की पैसा किती वर्षं थांबू शकतो. शिवाय कुटुंबाने अंडी एकाच टोपलीत ठेवलेली नाहीत: आयीतलीच आयाला ही पेढी, बर्गंडीतली शाँसाँ, कोन्याकमधली दलमँ, अमेरिकेत ओरेगॉनमधली पाँझी, हे सगळं त्याच कौटुंबिक कंपनीखाली आहे.

नाशिकच्या वाइनला शॅम्पेन का म्हणायचं नाही?

कारण या नावासाठी दंगली झाल्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही पेढ्या बाहेरच्या प्रांतांतली स्वस्त द्राक्षं आणून 'शॅम्पेन' विकत होत्या, आणि इथल्या शेतकऱ्याच्या हातात कीड, बुडालेला हंगाम आणि कर्ज. एप्रिल 1911 मध्ये शेतकऱ्यांनी याच आयी गावात पेढ्यांच्या इमारती पेटवल्या, वाइन रस्त्यावरून वाहिली, सैन्य आलं. त्या संघर्षातून हद्दी आखल्या गेल्या, 1927 च्या कायद्याने त्या पक्क्या झाल्या आणि 1936 मध्ये नावाला पूर्ण संरक्षण मिळालं. आज भारतातही 'शॅम्पेन' हे नोंदलेलं भौगोलिक मानांकन आहे. त्याच कायद्याखाली 'नाशिक व्हॅली वाइन'ही नोंदलेलं आहे, तेव्हा तक्रार करताना जरा जपून.

गंमत अशी की आपल्याकडे हे नाव एकेकाळी थेट कंपनीच्या पाटीवर होतं. शामराव चौगुले यांनी नारायणगावला 1980 च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने फसफसणारी वाइन बनवली. ती परदेशात 'ओमर खय्याम' नावाने विकली जाई, आणि कंपनीचं नाव होतं 'शॅम्पेन इंडाज'. पुढे ते 'इंडाज व्हिंटनर्स' झालं. जलद विस्तार आणि कर्ज यांच्या ओझ्याखाली ती कंपनी पंचवीस-तीस वर्षांत कोसळली. वाइन बरी होती, असं पिणारे सांगतात. थांबू शकणारा पैसा नव्हता.

मग स्वस्त होणार का?

आयातशुल्क उतरलं तर आयात किमतीवरचा बोजा कमी होईल, पण बाटलीची किंमत तेवढ्याच प्रमाणात उतरणार नाही. दारू जीएसटीच्या बाहेर आहे. राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट, परवान्यांचे खर्च आणि आयातदार-दुकानदारांचा नफा हे सगळं वर चढतंच. आणि मुळातली ती द्राक्षं, ती वर्षं, त्यांचा खर्च कुठल्याच कराराने कमी होत नाही.

लेबलवर काय वाचायचं

शॅम्पेनच्या लेबलवर तळाशी बारीक अक्षरांत दोन अक्षरी खूण असते. 'एन. एम.' म्हणजे बाहेरून द्राक्षं घेऊ शकणारी पेढी. बोलिंजर याच वर्गात, कारण स्वतःच्या बागा गरजेच्या निम्म्याहून थोडं जास्तच पुरवतात. 'आर. एम.' म्हणजे स्वतःच्या बागेचीच वाइन करणारा शेतकरी. 'एम. ए.' असेल तर ते दुकानाचं किंवा खरेदीदाराचं नाव, वाइन दुसऱ्याने केलेली. मागच्या बाजूला गाळ काढल्याची तारीख छापलेली असेल तर तीही पाहा; काढून फार वर्षं झालेली बाटली आपल्याकडच्या उन्हाळ्यात, एसी नसलेल्या दुकानात उभी असेल तर घेऊ नका. नाशिकची फसफसणारी वाइन घेत असाल तर लेबलवर 'ट्रॅडिशनल मेथड' शोधा. ते असेल तर फुगे बाटलीतच तयार झालेले आहेत.